‘येतंय’ला उत्तर

माझा आवाज गेला तेव्हा पहिल्यांदा मनात आलं ते हे, की बरं झालं. देवीसमोर जे लपलं नाही ते वाचणाऱ्यापासून कशाला लपवू? त्या दिवसांत माझा देवावर विश्वास उरला होता असं मी म्हणणार नाही. संध्याकाळी दिवा लावायचे, कारण सासूबाई लावत आल्या होत्या आणि त्यांच्या मागे वातींची डबी माझ्या हाती आली. हात जोडायचे, पण मागायला काही सुचायचं नाही.

मालवण तालुक्यातल्या एका सरकारी दवाखान्यात मी केसपेपरच्या खिडकीवर होते. गिरण्यांच्या संपात माझे यजमान मुंबईहून घरी आले ते परत गेलेच नाहीत, तेव्हा घर माझ्या पगारावर चालायचं. नाव, गाव, वय विचारायचं आणि कागद द्यायचा, हे माझं काम. पण आणखी एक काम होतं, जे मला कुणी नेमून दिलेलं नव्हतं. आमच्याकडे येणारे डॉक्टर कुणी घाटावरचे, कुणी विदर्भातले. आत कुणी दगावलं, की हात धुता धुता ते माझ्याकडे बघायचे आणि म्हणायचे, "बाई, तुमच्या भाषेत सांगा ना जरा." पहिल्यांदा मी बरं सांगितलं असावं, कारण मग ते माझ्याच गळ्यात पडलं. मी मूळची तोंडाळ. माहेरी म्हणायचे, हिच्या जिभेला हाड नाही. तीच जीभ सरकारी कामाला लागली.

डॉक्टरांच्या हाती औषध होतं, सिस्टरांच्या हाती सुई होती. आपण काहीतरी केलं असं त्यांना म्हणता यायचं. माझ्यापाशी तोंडाखेरीज काही नव्हतं, आणि त्या तोंडातून फक्त शेवट बाहेर पडायचा. पुढे पुढे तर बोलायचीही गरज राहिली नाही. मी खिडकीमागून उठून दारात आले, की व्हरांड्यातल्या बायका ऊर बडवायला लागायच्या. मासळीबाजारात कोळंबी विकणारी जी बाई "सुंगटां बघ गो, ताजी आसत" म्हणून हाताला धरून ओढायची, ती मला बघून टोपलीवरचं फडकं सारखं करत बसायची. शेजारच्या घरात हळद लागली, मला बोलावणं नाही. तेवढाच आहेर वाचला म्हणून मी हसले, आणि मोरीत जाऊन भांडी घासत बसले.

सगळ्यात वाईट वाटायचं ते माझ्या मुलीचं. शालू तेव्हा प्राथमिक शाळेत होती. मी उंबऱ्यात चपला काढतेय तोच ती विचारायची, "आई, आज कोण गेलो?" दुसऱ्यांची पोरं खाऊ काय आणलास म्हणून विचारतात, तशी ही विचारायची. मी म्हणायचे, "कोणी नाय, अभ्यासाक बस." तिला ते खोटं कळत असे. हळूहळू ती मी आले की आतल्या खोलीत जायला लागली. मला रडू यायला हवं होतं, पण ते कधीच आटून गेलं होतं.

अशात तारकर्लीचा एक तरुण फुरसं साप चावून आला. माडाच्या झावळ्यांची चुडतं रचून ठेवली होती, त्यात हात घातला होता. गावात उतारा करण्यात वेळ गेला आणि आमच्याकडे पोचेपर्यंत उशीर झाला होता. त्याची आई विधवा, हा एकुलता एक. मी बाहेर जाऊन सांगितलं. ती ओरडली नाही, नुसती खांबाला टेकून बसली. तिचा पदर खांद्यावरून ढळला होता, तो मी सारखा केला आणि आत जाऊन पुढच्या माणसाचा कागद काढला.

आता आमच्याकडची एक रीत सांगते. आम्ही निघताना कधी ‘जातंय’ म्हणत नाही. निघणारा म्हणतो ‘येतंय’, राहणारा म्हणतो ‘येवा’, म्हणजे परत या. जन्मल्यापासून कानावर पडतं, त्यामुळे विचार करायला लागत नाही. खिडकीवर मी दिवसभर हेच म्हणायचे. दुपारी त्या मुलाला न्यायला गाडी लागली. त्याची आई खिडकीपाशी आली, माझ्याकडे बघून तिनं हात जोडले आणि सवयीनं म्हणाली, "येतंय हां, बाय."

मी म्हटलं, "येवा."

तोंडातून गेल्यावर कळलं. तिच्याबरोबरचा एक माणूस वळून म्हणाला, "काय बोलता ही? हयसर परत येवक सांगता?" सगळ्या व्हरांड्यानं माझ्याकडे पाहिलं. काहीतरी सांगायला मी तोंड उघडलं, पण आवाज आला नाही. नुसती हवा आली.

मग घसा बघून झाला. आमच्या डॉक्टरांनी बघितला, मोठ्या दवाखान्यातही दाखवून आणलं. सगळ्यांचं म्हणणं एकच, घशात काही नाही. मी रजेवर गेले. वरून निरोप आला, की ज्या बाईला बोलता येत नाही तिला खिडकीवर ठेवायची कशी? यजमान अंगणात बसून सुंभ वळायचे आणि माझ्याकडे बघायचं टाळायचे. नोकरी गेली असती तर आम्ही बुडालो असतो. आणि मला मात्र रोज सकाळी जाग आली की आधी सुटल्यासारखं वाटायचं, मग त्या सुटल्यासारखं वाटण्याची भीती वाटायची. या पोरीला आता आईचा आवाज ऐकायला मिळणारच नाही, असं मनात आलं की मी तिच्या वह्यांना कव्हरं घालत बसायचे.

आमच्या दवाखान्याच्या गाडीचा ड्रायव्हर बाबल एका रविवारी घरी आला. "वयनी, चला धामापूराक," म्हणाला, "भगवतीक गाऱ्हाणा घालूया." मी हातानंच नको म्हटलं. तो म्हणाला, "तुमच्यासाठी नाय तर माझ्यासाठी चला." मला वाटलं, माणूस मन राखायला बोलतोय. एसटीनं गेलो.

धामापूरला तळ्याच्या काठावरच देवीचं देऊळ आहे. गाऱ्हाणं म्हणजे आमच्याकडे देवाशी तोंडानं बोलणं. ज्याचं दुःख तो बोलत नाही. देवळाचा मानकरी त्याच्या वतीनं बोलतो, आणि जी माणसं देवळात असतील, ओळखीची असोत नसोत, ती सगळी म्हणतात, ‘व्हय महाराजा’. म्हाताऱ्या मानकऱ्यानं विचारलं, "काय सांगू माऊलीक?" बाबलनं माझ्या आवाजाचं सांगितलं. मग मान खाली घालून म्हणाला, "आणि माझापण सांगा. गाडी रिकामी आसली तरी मागे कोणतरी कण्हता असा ऐकाक येता. वळून बघूक भिया वाटता." माझ्या शेजारी इतकी वर्षं गाडी पुसत उभा राहणारा हा माणूस. धुतलेली गाडी पुन्हा पुन्हा का धुतो म्हणून मी त्याची टिंगल केली होती.

मानकऱ्यानं नारळावर हात ठेवला आणि बोलायला लागला, "बाय भगवती माये, ही तुझी लेकरां आज तुझ्या पायाकडे इली आसत. दुसऱ्याच्या मरणाचा वझा ह्येंच्या तोंडाक आणि खांद्याक लागला आसा. ता तुझ्या पायाकडे घे, आणि ह्येंका हलक्या अंगान घराक पाठय."

"व्हय महाराजा," मंडपातली माणसं म्हणाली. मीही ओठ हलवले, पण आवाज नाहीच. एवढ्या लांब येऊन हेच, असं वाटून मी मुकाट्यानं बाहेर आले आणि तळ्याच्या पायऱ्यांवर बसले. खरं सांगते, तेव्हा त्या पाण्याकडे मी चांगल्या मनानं बघत नव्हते.

मागून एक बाई येऊन बसली. मंडपात ती खांबाआड होती, म्हणून दिसली नव्हती. वळून बघितलं तर तारकर्लीची ती आई. धामापूर तिचं माहेर, हे मला कुठून माहीत असणार? मी उठायला लागले, तर तिनं माझं मनगट धरलं.

"बस गो. तुझो आवाज माझ्यामुळा गेलो?"

मी मान हलवली, होय की नाही ते मलाही कळलं नाही.

"त्या दिवशी लोक तुका बोलले. पण पयला ‘येतंय’ मीच म्हटलंय मा? जल्मभर म्हणत इलंय, ताच तोंडात इला. कोणी ‘येतंय’ म्हटला तर माणूस दुसरा काय म्हणतला?" मग ती तळ्याकडे बघत राहिली. "झील गेलो. घरात माझी वाट बघणारा कोण रवला नाय. तेवा तू माका ‘येवा’ म्हटलंस. घराक जावन मी तोच शब्द धरून बसलंय. म्हटला, या जगात माका येवा म्हणणारा कोणतरी आसा."

थोड्या वेळानं ती उठली, पदर खोचला आणि म्हणाली, "येतंय हां, बाय."

पण गेली नाही. माझ्याकडे बघत पायरीवर उभी राहिली. आमच्याकडे उत्तर मिळाल्याशिवाय कुणी पाठ फिरवत नाही. मी तोंड उघडलं. पहिल्यांदा हवाच आली. ती उभीच होती. तिला तसं उभं ठेवणं मला सोसेना.

"येवा," मी म्हटलं.

गंजलेल्या रहाटासारखा तो आवाज होता, पण होता. ती मान हलवून निघून गेली. बाबल देवळाच्या दारात उभा राहून लहान मुलासारखा रडत होता. हे देवीनं केलं की त्या बाईनं, असं मला अनेकांनी विचारलं आहे. मी वाद घालत नाही. मंडपात मानकऱ्यानं वझं उचल म्हणून सांगितलं आणि बाहेर ज्या बाईसमोर मी तोंड दाखवू शकत नव्हते तीच आली, एवढं मला पुरतं.

महिन्याच्या आत मी खिडकीवर परतले. डॉक्टरांना सांगितलं, "मी सांगेन, पण एकटी जाणार नाही. तुम्ही शेजारी उभे राहायचं." ते जरा चमकले, पण राहिले. आणि घरी जायच्या आधी मी, बाबल, आया आणि स्वयंपाकीण मागच्या व्हरांड्यात तुळशीपाशी बसायला लागलो. ज्याच्या मनाला त्या दिवशी जे लागलं असेल ते दुसऱ्यानं त्याच्या वतीनं बोलायचं, बाकीच्यांनी ‘व्हय महाराजा’ म्हणायचं, आणि उठायचं. एकदा डॉक्टरही येऊन बसले आणि त्यांच्या बोलीत "होय महाराजा" म्हणाले. कुणी हसलं नाही. मरणं काही थांबली नाहीत. आयेला तर ती बघणं सोसलंच नाही, वर्षभरात ती काम सोडून गेली. पण दिवसाचं ओझं आपलं नव्हे, ते रोज देवीच्या पायाशी ठेवून घरी जायचं असतं, हे मला उशिरा का होईना, तिनं शिकवलं. तिचे उपकार मी कोणत्या तोंडानं सांगू? हे तोंडही तिनंच दिलेलं.

परतल्यानंतरचं पहिलं मरण एका तान्ह्या मुलीचं होतं. त्या संध्याकाळी मी उंबऱ्यात चपला काढत होते. शालू दाराआडून बघत होती. बऱ्याच दिवसांत तिनं विचारलं नव्हतं, त्या दिवशी दबक्या आवाजात विचारलं, "आई, आज कोण गेलो?"

"एक चेडू गेला गो," मी म्हटलं. "खूप बारीक होता." आणि मी उंबऱ्यातच बसून रडायला लागले, कितीतरी वर्षांचं एकदम. ती घाबरून आत पळेल असं मला वाटलं. ती बाहेर आली, माझ्या अंगाला टेकून बसली आणि बाबलकाकाकडून ऐकलेलं हळूच म्हणाली, "व्हय महाराजा."