उलटा फळा

शहराच्या लष्कर भागात, सराफा बाजाराच्या तोंडाशी, मुंबईहून तारेने आलेले शेअरचे भाव फळ्यावर लिहिणारा एक माणूस होता. कॉलेजला जाताना मी त्याला रोज पाही. आकडा लिहिला की तो खडूची बोटे रुमालाला पुसे आणि एक पाऊल मागे येऊन आकडा वाची, जणू तो दुसऱ्याच कोणी लिहिला आहे.

वडिलांनी माझ्या फीच्या पैशांतून एका गिरणीचे शेअर घेतले होते. चार दिवस भाव कोसळत होता. पाचव्या दिवशी शेअर विकायला वडिलांच्या सहीचे कागद घेऊन गेलो, तर फळा भिंतीकडे तोंड करून ठेवलेला. पडझड थांबावी म्हणून दलालांनी भाव लिहिणेच बंद केले होते.

"आजचा भाव काय आहे?" मी विचारले.

"सांगायची मनाई आहे." भाव लिहिणाऱ्याच्या हातात रुमाल होताच, पण बोटे स्वच्छ होती. मग तो हळूच म्हणाला, "बेटा, फळा उलटा केल्याने भाव रुकत नाही. कालच्या भावाने कोणी घेत असेल, तर देऊन टाक."

दलालासमोर एक म्हातारा शिपाई ते शेअर कालच्या भावाने घ्यायला तयार झाला. "भाव आता थांबलाय म्हणतात. तुम्ही शिकलेले, खरं आहे ना?" त्याने विचारले.

मी मान डोलावली.

त्याच्या पैशांतून फी भरली गेली. फळ्यावाल्याने नोकरी धोक्यात घालून मला खरे सांगितले होते. त्यानंतर मी सराफा टाळून गोरखी भागातून, लांबच्या रस्त्याने कॉलेजला जाऊ लागलो.