दुभाषी असताना

दुसऱ्या महायुद्धात जालन्याला फौजेची भरती चालू होती, तेव्हा मी उर्दू बोलणाऱ्या डॉक्टरांचा दुभाषी होतो. एका धिप्पाड मेंढपाळाला त्यांनी विचारायला लावलं, "कधी डोकं फिरलं होतं का?"

"न्हाई. बायको गेली तवा वरीसभर बोल्लो न्हाई, बस्स."

"कुणाशीच?"

"मेंढरांशी बोलायचो."

डॉक्टरांनी लेखणी ठेवली. "मग पुन्हा कसा बोललास?"

"एका वाटसरूनं रस्ता इचारला. सांगावा लागला."

याला आजार म्हणावं का, मला कळेना. डॉक्टरांनी शेरा लिहिला, 'छाती कमी, नापास.' छाती तर मीच मोजली होती. ती भरपूर होती. असं का, मी विचारलं.

"डोक्याचं लिहिलं तर गाव त्याला वेडा म्हणेल."

मी शेरा मराठीत सांगितला, तसा मेंढपाळ स्वतःच्या छातीकडे बघत बाहेर गेला.