न पिळलेल्या चादरी

कोपर दुखू लागलं मास्तरांचं आणि डोक्याला ताप झाला वहिनींच्या. मास्तर म्हणजे त्यांचे यजमान. दोघांचं शिवणाचं दुकान. शिलाई मशीन वहिनींचं आणि कापायचं टेबल मास्तरांचं. त्या टेबलाला दुसऱ्या कुणी हात लावलेला त्यांना खपत नसे. जाड कापडाचे थरावर थर रचायचे, कात्रीचा स्क्रू घट्ट आवळायचा आणि जेवायची शुद्ध नसल्यासारखं कापत सुटायचं. ढिली कात्री कापड चावते, असं येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायचं ते वेगळंच.

सुरुवातीला चहाचा कप उचलताना कोपराच्या बाहेरच्या बाजूला चमक निघाली. मग दाराची मूठ फिरवताना. वहिनी तेव्हाच म्हणाल्या, "अहो, काही घट्ट धरलं की हे वाढतं. जरा कात्री कमी करा." हे तुला कसं ठाऊक, असं मास्तरांनी विचारलं नाही. त्यांनी तेल चोळलं, दुखऱ्या हाडावरच पट्टा करकचून बांधला, सुट्टीच्या दिवशी आराम केला आणि दुसऱ्या दिवशी दुप्पट कापलं. शेवटी एकदा कात्रीच हातातून सुटून पायाशी पडली, तेव्हा कुठे स्वारी फिजिओथेरपीच्या दवाखान्यात गेली.

तिथली डॉक्टरीण वयानं लहान, पण बोलायला खमकी. "काका, मनगट उचलणारे स्नायू ज्या दोरीसारख्या भागानं कोपराच्या हाडाला धरून असतात, तो भाग तुम्ही वापरून वापरून दमवलाय. कात्री काही आठवडे बंद. हात गळ्यात बांधून बसू नका, हलकी कामं करा. पट्टा हाडावर नको, थोडा खाली बांधा. आणि रोज हे छोटं वजन मनगटानं अगदी सावकाश खाली सोडायचं."

"शाळेच्या गणवेशांचा हंगाम गाठेन ना मी?"

"नीट वागलात तर गाठाल."

त्या एका आशेवर मास्तर घरी बसले. टेबलावर तात्पुरता दुसरा कटर आला. तो चांगलं कापतो म्हणून मास्तर बेचैन, आणि ती बेचैनी झेलायला घरात एकट्या वहिनी. पण मग एक नवल घडलं. लग्न झाल्यापासून ज्यांनी इकडची काडी तिकडे केली नव्हती, ते मास्तर घरकामाला लागले. चादरी अशा पिळायचे की थेंब राहायचा नाही. बरण्यांची झाकणं आवळली, गळका नळ आवळला, फरशी पुसायचं फडकंही तेच पिळू लागले. वहिनींना मनातून बरं वाटलं. खोटं कशाला बोला, फार बरं वाटलं.

आणि कोपर मात्र होतं त्याहून बिघडलं. मास्तर व्यायामाला शिव्या घालू लागले, वहिनी मास्तरांना. भांडत भांडतच दोघं दवाखान्यात पोचली.

"दिवसभर काय काय करता?" डॉक्टरणीनं विचारलं.

मास्तरांनी छाती फुगवून सगळं सांगितलं. डॉक्टरणीनं कपाळावर हात मारला. "काका, हलकी कामं म्हणजे चादरी पिळणं नाही हो! कात्रीनं होत होतं तेच तुम्ही चादरीनं केलंत!"

वहिनींचा पारा चढला. "इतक्या वर्षांनी घरात हात लावला, तोही नेमका नको तिथं! राहू द्या. उद्यापासून मीच पिळते, पहिल्यासारखी."

डॉक्टरीण थबकली. "आधी काकूच पिळायच्या?"

"मग काय शेजारीण येत होती?"

"काकू, हात पुढे करा. पंजा पालथा. मी मधलं बोट दाबते, तुम्ही वर उचला."

"आई गं!" बाहेर बाकावर बसलेली माणसंही दचकली.

मास्तर वहिनींकडे बघत राहिले. किटली दोन्ही हातांनी धरायची तिची सवय त्यांना आठवली. मशीनचं चाकही ती हल्ली डाव्या हातानं फिरवायची. "अगं, बोलली का नाहीस?"

"तुमचं दुखणं ऐकण्यातून सवड मिळाली असती तर बोलले असते!"

परतताना मास्तर दुकानाशी थांबले आणि त्या कटरला म्हणाले, "या हंगामाचे गणवेश तुम्हीच कापा. मशीनवरही कुणीतरी बघा."  वहिनींनी काही न ऐकल्यासारखं केलं.

घरी बादलीत चादरी भिजत होत्या. दोघांनी दोन्ही तळहात खाली घालून एकेक चादर अलगद उचलली आणि तशीच निथळती दोरीवर टाकली. फरशीवर तळं साचलं. वहिनींनी सवयीनं फडकं उचललं.

"ठेव ते खाली!" मास्तर केवढ्यानं तरी ओरडले.

आजवर ते वहिनींवर पुष्कळदा ओरडले होते. वहिनींसाठी ओरडले ते पहिल्यांदाच. "मग पाय भिजवत बसा," असं चिडून म्हणत वहिनींनी फडकं ठेवलं, आणि डोळे पुसायला पदर उचलला तो डाव्या हातानं.