विंगेत उभं राहणं

मला एका जागी बसवत नाही. आत्ता हे लिहिताना मध्येच उठले, गॅसवर चहा ठेवला आणि विसरले. तो उतू गेला. सेटवर माझ्या नावाची खुर्ची आहे, तिच्यावर बाकीच्यांच्या पर्सा आणि डबे असतात.

खोड लहानपणची. शाळेत जायच्या आधीपासून मी झाडीपट्टीच्या नाटकांत कामं केली. धान कापून झालं की आमच्या गडचिरोली-चंद्रपूरकडे गावोगावी नाटकं लागतात. रिकाम्या शेतात उतार खणतात, माणसं त्यात गोधड्या घेऊन बसतात. बाबा माजरीच्या कोळसा खाणीत नोकरीला होते. हंगामात रजा टाकायचे आणि रंगमंचावर कुणाचा तरी बाप व्हायचे. मी त्यांचा मुलगा. हो, मुलगाच, केस कापून! पोस्टरवर माझा फोटो नायिकेच्या वर छापला म्हणून एक नायिका हंगामभर माझ्याशी बोलली नाही. माझा प्रवेश संपला की झोपून जा, असं आई बजावायची, पण कोण झोपतंय! विंगेत उभी राहून मी सगळ्यांचे संवाद ओठांतल्या ओठांत म्हणायची. कुणी जरा जास्त श्वास घेतला की मला वाटायचं, मेला, विसरला हा.

पुढे मालिकेत बालकलाकार झाले. वय अडनिडं झालं तशी कामं बंद झाली, मग कॅमेऱ्यामागे गेले, आधी सहायक, मग दिग्दर्शक. मालिकेत शांतता कुणालाच परवडत नाही. नट थांबला की मी ‘कट’ म्हणते. मधूनमधून नाटकंही बसवली, त्यांचंही लोकांनी कौतुक केलं ते वेगाचंच. उगाच कशाला नाकारू, या घाईनेच मला पोसलं.

मागच्या वर्षी माझी मालिका बंद पडली आणि वडशाच्या एका नाटक कंपनीच्या मालकाचा फोन आला. पोस्टरवर त्याला टीव्हीवाली दिग्दर्शक हवी होती. मी अट घातली, म्हाताऱ्या बापाचं काम बाबा करतील. निवृत्त झाल्यापासून ते घरात नुसत्या येरझारा घालत होते. आधीच्या हंगामात एक-दोनदा संवाद विसरले, तेव्हापासून कंपन्या त्यांना बोलवेनाशा झाल्या होत्या. मालक माणूस बरा, पण धंदेवाईक.

“मॅडम, पहिला प्रयोग पाहून घेऊ,” तो म्हणाला. “भाऊ अटकले तं मी दुसऱ्याले उभा करीन. मंग नाराज नोका होऊ.”

तो दुसरा तयारच होता. रोज तालमीला येऊन कोपऱ्यात तंबाखू-सुपारीचा खर्रा चघळत बसायचा. त्याला पाहिलं की माझं डोकं फिरायचं. बाबांचं काम टिकायला हवं, एवढं एकच मला हवं होतं.

नाटकात एक जागा होती. पोराने बायकोला घराबाहेर काढलंय आणि बाप त्याला दाराकडे बोट दाखवून म्हणतो, ‘निघ.’ आमच्याकडे प्रॉम्प्टर विंगेत बसून जवळजवळ प्रत्येक वाक्य पुरवतो, त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही. पण या जागी त्याने तोंड उघडायचं नाही, असा बाबांचा हट्ट. तालमीत मी चिडले.

“बाबा, एक शब्द तर आहे! त्याच्याकडून घेतला तर काय बिघडलं?”

“तो शब्द आतून येते, नाईतं येत नाई. तू काऊन एवढी घाई करून राह्यली?”

पहिला प्रयोग कुरखेड्याच्या पुढे एका गावात होता. पाय ठेवायला जागा नव्हती. बाबा असे काही रंगले होते की विंगेत माझ्या शेजारी उभा असलेला मालक सारखा “वा भाऊ!” करत होता. मग ती जागा आली. बाबांनी बोट उचललं आणि थांबले.

थांबले ते थांबलेच. समोर कुणी खोकतसुद्धा नव्हतं. हे नाटकातलं थांबणं की खरं विसरणं, मला कळेना. प्रॉम्प्टर माझ्याकडे बघायला लागला, शब्द देऊ का म्हणून. मालकाने मान वळवून त्या खर्रावाल्याकडे पाहिलं. मला ते दिसलं आणि माझ्या तोंडून निघून गेलं, “कट!”

वरती माईक लटकत होता. सगळ्या गावाने ऐकलं. पडदेवाल्याला वाटलं दिग्दर्शकाचा हुकूम, त्याने दोर सोडला. धाडकन पडदा! मग जो हशा उठला, अगं बाई गं! शिट्ट्या सुरू झाल्या. कुणीतरी ओरडलं, “ओ मॅडम, शुटिंग नोहे हे!” पडदा पुन्हा वर गेला तेव्हा बाबा तसेच उभे होते, बोट तसंच. म्हणाले, “निघ.” लोक पुन्हा हसले. पुढच्या प्रवेशात बाबा रडले, तेव्हाही हसले.

सकाळी परतताना मालकाने गाडीतच सांगितलं, उद्यापासून दुसरा माणूस. बाबा “बरं” म्हणाले आणि खिडकीबाहेर बघत बसले. मी मात्र मालकाशी भांड भांड भांडले. चूक माझी आहे, ते विसरले नव्हतेच, शिक्षा त्यांना का?

“मॅडम, तुमालेच भरोसा नव्हता,” तो शांतपणे म्हणाला. “मंग मले काऊन असन?”

वडशाला उतरलो. बाबा आपली पिशवी घेऊन पुढे चालायला लागले, मी मागून धावत जाऊन त्यांचा हात धरला.

“बाबा, खरं सांगा. विसरला होतात की थांबला होतात?”

ते रागावलेले नव्हते. रागावले असते तर बरं झालं असतं.

“तू जरा दम धरली असती,” ते म्हणाले, “तं मले बी समजलं असतं.”