एकाच बॅचमध्ये

सरकारी प्रशिक्षणाला जायला मिळावं म्हणून झुरणारा मास्तर अख्ख्या वर्धा जिल्ह्यात माझ्याशिवाय दुसरा नसेल. बाकीच्यांना प्रशिक्षणाचं पत्र आलं की एकाएकी पाठदुखी सुरू होते, कोणाच्या मामेसासूची तब्येत बिघडते, कोणाच्या शाळेच्या वाटेवर नेमका त्याच आठवड्यात वाघ दिसतो. वाघाचं कारण आमच्या हिंगणीकडच्या लोकांचं. बोर धरणाचं जंगल जवळ, त्यामुळे ते खोटंही पाडता येत नाही. मी मात्र पत्र आलं की आधी एवढंच बघायचो, आष्टी तालुका आपल्या बॅचमध्ये आहे की नाही. आष्टी तालुक्यात माझी बायको होती.

आम्ही दोघंही जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत. लग्न झालं तेव्हा मी हिंगणीच्या बाजूला होतो आणि ती आष्टीच्या पलीकडे एका खेड्यात. आज ना उद्या बदली होईल असं दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांनी सांगितलं, आणि सरकारी कामातला ‘आज ना उद्या’ केवढा लांब असतो ते कळायला आम्हाला बरीच वर्षं लागली. शनिवारी सकाळची शाळा आटोपून ती दोन एसट्या बदलत आंजीला यायची, मी हिंगणीहून जायचो. आंजी मोठी हे आमचं गाव. घरही मोठं, माणसं त्याहून जास्त. ती आली की पदर खोचून चुलीकडे जायची आणि मी भावांबरोबर वावरात. रविवारी संध्याकाळी पुन्हा दोघं दोन दिशांना. नवरा-बायको म्हणून आमची ओळख होती, पण माणूस म्हणून ती कशी आहे हे मला धड माहीत नव्हतं.

ते कळलं वर्ध्याच्या प्रशिक्षणात. जिल्ह्याच्या ठिकाणी एका मोठ्या शाळेच्या हॉलमध्ये पाच दिवसांची कार्यशाळा होती. सकाळी तर्रीपोहे, दुपारी वरण-भात आणि आलू-वांग्याची भाजी, मधल्या वेळात तज्ज्ञ. सुलभकांनी मला भागाकाराचा नमुना पाठ घ्यायला सांगितलं. सुलभक म्हणजे आमच्यातलेच मास्तर; आधी आठवडाभर कुठेतरी शिकून येतात आणि मग आम्हाला शिकवतात. मी आपला छाती पुढे काढून फळ्यापाशी गेलो. अक्षर माझं वळणदार, त्याचा तेव्हा फार तोरा होता. फळा भरून झाला, मी हात झटकले आणि विचारलं, कोणाला काही सुचवायचंय का. मधल्या रांगेतून माझीच बायको उभी राहिली.

“सर फळ्याले शिकवून राह्यले, पोट्ट्याईले नाई. इतक्या वेळात एकदा तरी मांगं पाह्यलं काय सरांनी?”

सगळा हॉल हसला. ती माझी कोण लागते हे बऱ्याच जणांना ठाऊक नव्हतं, म्हणून जास्तच मोकळेपणाने हसला. माझे कान तापले. पण त्या दुपारी जेवणाच्या रांगेत ती ताट घेऊन माझ्यासमोर उभी राहिली आणि हळूच म्हणाली, “राग आला काय, सर?” घरी तिने मला कधी ‘सर’ म्हटलं नव्हतं, आणि घरी ती कधी अशी हसलीही नव्हती. लग्नाला तोवर दोन-तीन वर्षं झाली असतील. मी तिच्या प्रेमात पडलो तो त्या रांगेत, हातात वरणाची वाटी धरून. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही, कारण लोकांना वाटेल मास्तर रिटायर व्हायच्या आधीच वाया गेला.

तेव्हापासून प्रशिक्षण म्हणजे माझा सण. पण त्यातही एक गोम होती. पहिल्या दिवशी मी मोठ्या हौशीने तिच्या शेजारची खुर्ची पकडायचो आणि चहानंतर आमची ताटातूट व्हायची. प्रशिक्षणात गट पाडायची एक ठरलेली रीत आहे. एका टोकापासून म्हणत यायचं, एक, दोन, तीन, चार, पाच, पुन्हा एक, दोन. एकवाले एकीकडे, दोनवाले दुसरीकडे. म्हणजे जे शेजारी बसतात ते हमखास वेगळे होतात. मैत्रिणी-मैत्रिणींच्या गप्पा तोडायला काढलेली ही युक्ती, आणि तिच्यात आमचा संसार सापडला. दोन प्रशिक्षणं मी तीनच्या गटात बसून चारच्या गटाकडे बघत काढली.

शेवटी तिनेच सांगितलं. “बाजूले नका बसू ना. मधात चार माणसं सोडून बसा.” गणितात ती माझ्यापेक्षा हुशार. त्यानंतर जिथे जिथे आमची बॅच एक आली, तिथे आम्ही एकमेकांपासून चार माणसं लांब बसलो आणि दिवसभर एका गटात राहिलो. एखादा उशिरा आलेला मास्तर मध्येच खुर्ची घालून बसला की आमचा सगळा हिशोब बोंबलायचा. मग ती मला डोळ्यांनी खुणावायची आणि मी पाणी प्यायच्या निमित्ताने उठून जागा बदलायचो. चाळिशी ओलांडलेला माणूस, कॉलेजच्या पोरासारखा.

गटात आम्ही भांडायचो. मी म्हणायचो पाढे आधी, ती म्हणायची मोजणं आधी. मी गोष्ट सांगून धडा सुरू करायचो, ती म्हणायची गोष्ट पोरांनाच सांगू द्या. चार्टपेपरवर अक्षर माझं आणि विचार तिचे. हिवाळ्यातलं प्रशिक्षण असलं तर तिच्या पिशवीत आष्टीची संत्री असायची, ती गटात सोलून वाटली जायची. पाचव्या दिवशी संध्याकाळी बस स्टँडवर ती आष्टीच्या गाडीत चढायची. खिडकीतून म्हणायची, “वर्गात पोराईकडे तोंड करजा, सर.” गाडी गेली की मी पुढच्या प्रशिक्षणाची वाट बघायला लागायचो. सणाची कोणी इतकी वाट बघत नसेल.

मग बदली झाली. पती-पत्नी म्हणून एकत्र बदली मागता येते, त्यासाठी आम्ही दरवर्षी अर्ज करत होतो. या वेळी ऑनलाइन पसंतीक्रम भरायचा होता. आम्ही दोघांनी एका मोबाइलवर डोकं लावून हिंगणीजवळची एक लहानशी शाळा पहिल्या क्रमांकावर टाकली. पहिली ते चौथी, शिक्षकांची दोनच पदं, दोन्ही रिकामी. ती शाळा मिळाली. हिंगणीत घर भाड्याने घेतलं. आंजीत पेढे वाटले. एक शाळा, एक घर, एक गाडी. नवरा-बायकोला आणखी काय पाहिजे? तिने पहिली-दुसरी घेतली, मी तिसरी-चौथी. मधे एक भिंत, आणि भिंतीपलीकडून दिवसभर तिचा आवाज.

त्या वर्षी प्रशिक्षणाचं पत्र आलं. मी सवयीने खूश झालो आणि पुढची ओळ वाचली. शाळा बंद राहू नये म्हणून दोन शिक्षकांच्या शाळेतून एका वेळी एकाच शिक्षकाने उपस्थित राहावे. पहिल्या बॅचला एक, दुसऱ्या बॅचला दुसरा. मी ते पत्र तिच्याकडे दिलं. तिने वाचलं, घडी केली आणि म्हणाली, “पहिले तुमी जा मंग.” केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या दहा-बारा शाळांच्या, दरमहा होणाऱ्या शिक्षण परिषदेचंही तेच, एका महिन्यात ती, दुसऱ्या महिन्यात मी. वेगळ्या तालुक्यांत होतो तेव्हा शिकायला एका खोलीत बसत होतो. एका शाळेत आल्यापासून एकदाही बसलो नाही.

तुम्ही म्हणाल, चोवीस तास बायको समोर आहे, मास्तराला कसली हुरहुर? मलाही तेच वाटायचं. पण आमचं बोलणं ऐका. खिचडीची डाळ संपली. पोर्टलवर माहिती भरली काय. गॅस लावला होता तो बंद केला काय. आंजीहून भावाचा फोन आलता. यात खोटं काही नाही, संसार याचाच असतो. पण माझ्या पाठीकडे बोट दाखवून भर हॉलमध्ये उभी राहणारी ती बाई मला कित्येक दिवसांत भेटली नव्हती. एकदा मी मुद्दाम विचारलं की, तिसरीच्या पोरांना अपूर्णांक कसा सांगू. ती कणीक मळत होती. म्हणाली, “तुमाले जमते तं.” पूर्वी असं कधी म्हणाली नसती. माझ्याशी वाद घालायचं तिने सोडून दिलं होतं, आणि वाद नको म्हणून बायकोला हात जोडणाऱ्या लोकांना त्यातलं दुःख सांगून समजणार नाही.

येत्या उन्हाळ्यात मी निवृत्त होणार. तिची अजून काही वर्षं आहेत. त्यामुळे या हिवाळ्यात जे पत्र आलं ते माझं शेवटचं प्रशिक्षण होतं. मी ठरवलं, एकदा, फक्त एकदा, एकाच बॅचमध्ये बसायचं. केंद्रप्रमुखांकडे गेलो. वयाने माझ्यापेक्षा लहान, माणूस चांगला. म्हटलं, आठवडाभर शेजारच्या शाळेचा एक शिक्षक आमच्याकडे द्या, आम्हा दोघांना सोबत जाऊ द्या.

ते हसायलाच लागले. “घरी सोबत, शाळेत सोबत, आता ट्रेनिंगमधी बी सोबतच पाह्यजे काय, सर? अजून हौस नाई फिटली?”

मीही हसलो. काय करणार. मग ते जरा गंभीर झाले. “शेजारची शाळाही दोनचीच आहे ना. त्याईचाही एक जण ट्रेनिंगले चालला. तुमचे दोघं नेले तं शाळेले कुलूप लागंन, अन् वरून विचारलं तं मी काय सांगू?” त्यांचं चुकीचं नव्हतं. कुलूप लावून जाणाऱ्यांतला मीही नाही. घरी येऊन तिला यातलं काही सांगितलं नाही.

ती पहिल्या बॅचला गेली. रोज सकाळी एसटीने वर्धा, संध्याकाळी परत. मी चारही वर्ग एका खोलीत बसवले आणि गाडा ओढला. संध्याकाळी ती आली की मी चहा पुढे करून विचारायचो, “काय शिकवलं आज?” ती पाय चोळत म्हणायची, “तेच ते.” दुसऱ्या दिवशीही तेच ते. मी जास्त खोदलं तर म्हणायची, “थकली ना मी. जेवा आता.”

शनिवारी शेवटचा दिवस. माझी सकाळची शाळा सुटली तशी मी गाडीला किक मारली आणि वर्ध्याला निघालो. तिला घ्यायला चाललो असं शेजाऱ्यांना सांगितलं, ते खरंही होतं. हॉलचं दार उघडं होतं. आत गटकार्य चाललेलं. मी दारातच थांबलो.

ती जमिनीवर मांडी घालून बसली होती. समोर चार्टपेपर, चष्मा कपाळावर. तिच्या गटात एक तरुण मास्तर होता, नवीनच लागलेला असावा. त्याने पेपरवर काहीतरी लिहिलं आणि तिने त्याच्या हातातला पेन धरला. “असं नाई, सर. हे तुमाले समजलं, पोराले कसं समजंन? पहिले त्याच्या हातात द्या काईतरी.” तो पोरगा उलट बोलला. ती आणखी पुढे सरकली, हात हलवत काही सांगू लागली, आणि मग दोघंही हसले, गटही हसला. वयाने तो माझ्या निम्माही नसेल. पण खरं सांगतो, त्या क्षणी मला त्याचा हेवा वाटला. ती कुठे गेली नव्हती. जशीच्या तशी होती, फक्त माझ्या गटात नव्हती.

मी आत गेलो नाही. बाहेर गाडीपाशी जाऊन उभा राहिलो. ती आली तेव्हा चष्मा डोळ्यांवर होता आणि चेहरा रोजचा. “कधी आलते?” म्हणाली. मी म्हटलं, आत्ताच.

वाटेतलं सेलू मागे पडलं. दोन्ही बाजूंना तूर कापणीला आलेली, वारा थंड. तिने मागून शालीचं टोक माझ्या खांद्यावर टाकलं. मी विचारलं, “आज काय शिकवलं?”

“तुमची बॅच सोमवारपासून हाये ना? कळंनच मंग.”

“सोमवारी तू नसशीन ना तिथं.”

मला वाटलं, वाऱ्यात ऐकू गेलं नसेल. मी गाडी जरा हळू केली. तिने माझ्या खांद्यावर हनुवटी टेकवली.

“आपलं चुकलंच,” ती म्हणाली. “दोन मास्तराईची शाळा मागतली आपण. तीन मास्तराईची मागाले पाह्यजे होती.”