मेहरूणची बोरं

हातगाडीवरच्या पिकल्या बोरांचा वास आला, की मला जळगावचं एस.टी. स्टँड आठवतं. ताईला धुळ्याला, सासरी जाणाऱ्या गाडीत बसवायला आमचे वडील, नाना, आम्हा दोघी बहिणींना फैजपूरहून घेऊन आले होते. मी तेव्हा चौथीत होते. सासरचं नाव निघालं की ताईच्या घशाखाली घास उतरत नसे.

स्टँडवर उतरताच ती म्हणाली, "नाना, मले मेहरूणचा तलाव पाह्याचा हाये."

गाडी सोडून आम्ही तलाव पाहिला, काठावर बोरं घेतली. मग तिला राममंदिर पाहायचं होतं, मग सराफ बाजार. असं फिरायला कधी मिळालं नव्हतं, म्हणून मी खुशीत होते. ताई मात्र कुठंच बघत नव्हती. देवळातही तिची नजर नानांच्या तोंडाकडे होती. आज कळतं, ती एकेक गाडी चुकवत होती.

दिवेलागणीला शेवटची गाडी लागली. पदरातली सगळी बोरं माझ्या फ्रॉकात ओतत तिनं विचारलं, "नाना, आजून काही पाह्याचं राह्यलं असीन ना?"

नानांनी खिडकीतून पिशवी आत टाकून तिची जागा धरली.

"नाही, बाई," ते म्हणाले. "सगयं पाह्यलं."