बोंबलांना लावलेले चिमटे

“सर, रफ कुठपर्यंत आलेत?” शीतलने फोनवर विचारलं, तेव्हा माझ्या टेबलावर बोंबील वाळत होते. कागदावरचे. आठवडाभर वाळतच होते.

मी मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढतो. रफ म्हणजे पेन्सिलीचं कच्चं चित्र. ते संपादकाने पास केलं की मग रंग. शीतल माझी संपादक. पुस्तक होतं कोळीवाड्यातल्या एका मांजरीचं. त्याच्या मधल्या स्प्रेडवर, म्हणजे समोरासमोरच्या दोन पानांवर मिळून, मांजरीला दोरीवर वाळणारे बोंबील दिसतात.

“येतायत,” मी म्हणालो.

“मागच्या सोमवारी पण येतच होते, सर. वरून प्रेशर आहे. या सोमवारी नाही आले, तर पुस्तक दुसऱ्या आर्टिस्टला द्यावं लागेल. मला नाही आवडणार.”

“मलाही नाही.”

हात चालत नव्हता असं नाही. रोज पाच-सहा तास चालायचा. पण कागदावर जे यायचं, त्यात जीव नसायचा. मांजरसुद्धा मी माझ्याच एका जुन्या पुस्तकातून उचललं होतं. हे पुस्तक हातचं गेलं, तर मी पुन्हा पेन्सिल धरेन याची मला खात्री नव्हती.

माझी पत्नी शैला जाऊन नुकतंच वर्ष झालं होतं. पूनम सागर सोसायटीतल्या या घरात प्रत्येक रफ आधी ती बघायची. चूक काढल्याशिवाय तिला चैन पडायचं नाही. म्हणून मी प्रत्येक चित्रात एक चूक मुद्दाम ठेवायचो. सहा बोटांचा हात, तीन पायांची खुर्ची. ती सापडली की शैला खूश, आणि बाकीचं चित्र तिच्या तावडीतून सुटायचं. माझी ही युक्ती तिला ठाऊक होती का, हे विचारायचं राहून गेलं.

आता चूक ठेवायची कोणासाठी? बरोबर चित्रं काढून काढून मी थकलो होतो.

शुक्रवारी बेल वाजली. दारात हिराबाई, मुर्धा गावाहून मासळी घेऊन येणाऱ्या. शैलाची आणि त्यांची जुनी मैत्री. पण वर्षभर त्यांनी आमची बेल वाजवली नव्हती. दुःखाच्या घरी मासळीची टोपली न्यायची नाही, असा त्यांचा नियम.

“वर्स झालं ना ताईला?”

“मंगळवारी झालं.”

“मंग आता खायाचं. सुकं बोंबील आनलंय. पयलं पानी दे.”

मी पाणी घेऊन आलो, तर हिराबाई टेबलाशी वाकलेल्या. खांदे हलत होते. शैलाची आठवण आली असणार, म्हणून मी पाणी घेऊन दारातच थांबलो. मग कळलं, त्या हसतायत.

“बोंबलांना चिमटं? तुजी गंजी-चड्डी हाय काय ती?”

मी ते चित्र समोरच्या बिल्डिंगच्या बाल्कनीतल्या कपड्यांवरून काढलं होतं, हे कबूल केलं.

“इतकी वर्सं खातंस, आनि म्हाईत न्हाय!” त्यांनी दोन्ही तर्जन्या एकमेकींत अडकवल्या. “ह्याच्या जबड्यात त्याचा जबडा. एक दोरीच्या हिकडं, एक तिकडं. एकमेकांना धरून ऱ्हातात. चिमटा कशाला? उद्या घरी ये, बघ.”

शनिवारी मुर्ध्याला गेलो. अंगणात बांबूंना दोऱ्या बांधलेल्या. हिराबाईंनी मला बसू दिलं नाही, कामालाच लावलं. ओले बोंबील साबणासारखे निसटतात. एक जोडी कशीबशी अडकवली, तीही खाली पडली. तिथल्या मांजरीने झडप घातली. जबडे सुटेनात. एक बोंबील तिच्या तोंडात, दुसरा पाठीवर आपटतोय, अशी ती पळाली.

“तिला कामाला ठेवीन, तुला न्हाय!” हिराबाई ओरडल्या.

मी वही काढली. हात पुसायचं भान राहिलं नाही. त्या पानाला अजून वास येतो.

रविवारी अख्खा स्प्रेड नव्याने काढला. सोमवारी सकाळी हिराबाई आल्या, तेव्हा त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी वेळ घेतला.

“बोंबील बराबर. मांजर बराबर. ह्या कोपऱ्यात एक चिमटा ऱ्हायला.”

“राहिला वाटतं,” मी म्हणालो.

“ऱ्हायला न्हाय, ठेवलास. ताई बोललेली मला. ‘आमचा मानूस दर चित्रात एक चूक मुद्दाम ठेवतो. मी तेवढीच काढते. त्याला बरं वाटतं.’”

मी पाणी आणायला आत गेलो. या वेळी त्यांनी मागितलं नव्हतं.

शीतलने तासाभरात रफ पास केलं. चिमटा तिला दिसला नाही. तो छापून आलाय.

या धंद्यात नवीन येणारे मला कागद आणि रंग कुठले घ्यावेत, हे विचारतात. मी सांगतो, कुठलेही घ्या. आधी चूक काढणारं माणूस बघून ठेवा.